आधी वाढ, की आधी पगार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेत आपण सगळ्यांनीच एक विचित्र शब्द पाठ केलेला असतो. ‘कंचेभागुबेव’. कं म्हणजे कंस, चे म्हणजे ‘निम्म्याचे’, ‘पावपटीचे’ यांतला चे, भा म्हणजे भागाकार, गु गुणाकार, बे बेरीज आणि व वजाबाकी. गुरुजी फळ्यावर लांबलचक पदावली लिहीत आणि विचारत, “आधी काय?” सारा वर्ग एका सुरात ओरडे, “कंस!” त्या एका शब्दानं आपल्याला मोठी खात्री दिली. पदावली कितीही वाकडीतिकडी असो, नियम पाळले की उत्तर एकच येणार. कोल्हापुरात सोडवा नाहीतर कॅलिफोर्नियात सोडवा.

ही खात्री मी पुढं कित्येक वर्षं बाळगून होतो. अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘सी’ ही संगणकाची भाषा शिकवायला लागलो तेव्हाही ती शाबूत होती. ती ढळली १९९६ साली, एका चाचणी परीक्षेच्या निमित्तानं. मी चार गुणांचा एक प्रश्न घातला होता. क ची किंमत ५ आहे, तर

++क + ++क + ++क

या पदावलीचं उत्तर काय? नभोवाणीवर मला हे ‘प्लस प्लस क, अधिक प्लस प्लस क’ असं म्हणावं लागलं. छापील पानावर चिन्हंच समोर आहेत, तेवढं तुमचं काम सोपं. आमच्या प्रयोगशाळेतला संगणक या पदावलीचं उत्तर २४ देत असे. माझ्या नमुना उत्तरातही २४ होते. एका विद्यार्थिनीनं मात्र आकडा लिहिलाच नाही. तिनं लिहिलं, ‘या प्रश्नाला निश्चित उत्तर नाही.’ मी तिला शून्य गुण दिले.

ती पेपर घेऊन माझ्याकडं आली. म्हणाली, “सर, माझ्या मामांच्या ऑफिसात युनिक्सचं मशीन आहे. तिथं हेच करून बघितलं तर २२ येतं.” मी म्हणालो, “अगं, परीक्षेत आपल्या लॅबचं मशीन धरायचं.” ती काही बोलली नाही. पेपर घडी करून निघून गेली. प्रश्न मात्र माझ्या टेबलावरच राहिला. दोन यंत्रं, एकच पदावली, आणि उत्तरं दोन? मग कंचेभागुबेव गेलं कुठं? याचा शोध घेताना मला या दोन इवल्याशा चिन्हांचा जो इतिहास सापडला, तोच आज सांगायचा आहे.

आधी चिन्हांची ओळख करून घेऊ. संगणकाच्या स्मृतीत एक कप्पा आहे आणि त्याला आपण क असं नाव दिलंय असं समजा. कप्प्यात ५ हा आकडा आहे. त्यात एकाची भर घालायची तर ‘क = क + १’ असं लिहितात. गणिताच्या शिक्षकांना हे वाचून घाम फुटेल, कारण कुठलीही संख्या स्वतःहून एकानं मोठी कशी असेल? पण इथं ते चिन्ह बरोबरी सांगत नाही. उजवीकडं जे उत्तर येईल ते डावीकडच्या कप्प्यात ठेव, अशी ती आज्ञा आहे. हीच आज्ञा थोडक्यात देण्याची सोय म्हणजे ++, अर्थात इन्क्रिमेंट. एक कमी करायचा असेल तर --, म्हणजे डिक्रिमेंट.

इन्क्रिमेंट म्हटलं की आपल्याकडं पगारवाढ आठवते. तोच दाखला घेऊ. हे चिन्ह नावाच्या आधीही लावता येतं आणि नंतरही. ++क म्हणजे आधी वाढ द्या, मग वाढलेला पगार हातात ठेवा. क++ म्हणजे या महिन्याचा पगार जुन्याच दरानं द्या आणि वाढ सेवापुस्तकात नोंदवून ठेवा. वाढ दोन्हीकडं मिळते, पण हातात आत्ता किती पडतात त्यात फरक आहे. क मध्ये ५ असताना ‘ख = क++’ लिहिलं तर ख ला ५ मिळतात, ‘ख = ++क’ लिहिलं तर ६. क मात्र दोन्ही वेळा ६ होऊन बसतो. घटीचंही तसंच. ‘ख = क--’ मध्ये ख ला ५ आणि ‘ख = --क’ मध्ये ४ मिळतात, क मात्र दोन्हीकडं ४.

म्हणजे हे चिन्ह एका दमात दोन कामं करतं. एक तर आकडा सांगतं, आणि सांगता सांगता कप्प्यातला आकडा बदलूनही टाकतं. शाळेतल्या अधिक-उण्यानं हे दुसरं काम कधी केलं नव्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता ही कल्पना निघाली कुठून ते पाहू. गोष्ट १९६९ सालची. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल इथं बेल प्रयोगशाळेचं मोठं केंद्र होतं. त्या वर्षी प्रयोगशाळेनं मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतलं. त्यावर काम करणाऱ्यांपैकी केन थॉम्प्सन यांना फारशी कुणी वापरत नसलेली पीडीपी-७ नावाची संगणक-यंत्रणा मिळाली. तिची स्मृती सुमारे ८ हजार शब्दांची, आणि यंत्राचा एक शब्द १८ बिटांचा. आजच्या मापात जेमतेम १८ किलोबाइट. तुम्ही वाचताय तो हा लेख संगणकात साठवला, तर तोही तेवढ्या जागेत मावत नाही! एवढ्याशा जागेत थॉम्प्सन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला, आणि तिच्यासाठी एक छोटी भाषा रचली. तिचं नाव ‘बी’.

बी ही काही शून्यातून जन्मली नव्हती. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल नावाची भाषा होती, तिला पिळून पिळून थॉम्प्सन यांनी आठ हजार शब्दांच्या घरात बसवलं. काटकसर त्यांच्या स्वभावातच होती. कप्प्यात आकडा ठेवण्यासाठी जुन्या भाषेत दोन खुणांचं चिन्ह होतं, ते त्यांनी एका खुणेवर आणलं. ++ आणि -- ही चिन्हं मात्र त्यांची स्वतःची भर. चिन्ह आधी लावलं तर एक अर्थ आणि नंतर लावलं तर दुसरा, ही योजनाही त्यांचीच.

इथं एक दंतकथा सांगायला हवी, कारण वर्गात ती मीही अनेक वर्षं सांगत होतो. ती अशी: पुढं आलेल्या पीडीपी-११ या प्रसिद्ध यंत्रात एक सोय होती. एखाद्या कप्प्याच्या पत्त्यावरून माल उचलला की पत्ता आपोआप पुढच्या कप्प्यावर जाई. उलट दिशेनं जाताना पत्ता आधी मागं येई आणि मग माल उचलला जाई. म्हणजे ‘नंतर वाढ’ आणि ‘आधी घट’ हे दोन्ही यंत्राच्या हाडामांसात होतं. त्यावरूनच ++ आणि -- ही चिन्हं घेतली, अशी समजूत जगभर पसरली. ऐकायला अगदी पटते. पण तारखा जुळत नाहीत. सी भाषेचे जनक डेनिस रिची यांनी १९९३ साली सी भाषेच्या जडणघडणीचा इतिहास लिहिला, त्यात त्यांनी हे स्पष्ट केलं आहे. बी भाषा घडली तेव्हा पीडीपी-११ अस्तित्वातच नव्हतं. ते बाजारात आलं १९७० साली.

मग थॉम्प्सन यांना सुचलं कसं? जुन्या पीडीपी-७ मध्ये मोजकेच काही कप्पे असे होते, की त्यांच्यातल्या पत्त्याचा वापर केला की त्यातला आकडा आपोआप एकानं वाढे. कल्पनेचं बी बहुधा तिथलं असावं, असं रिची म्हणतात. पण त्याहून मोठं कारण त्यांना दिसतं ते अगदी घरगुती आहे. ‘क = क + १’ चं यंत्रासाठी भाषांतर केलं तर ते लांब होई आणि ‘++क’ चं आखूड. स्मृती आठ हजार शब्दांची असताना वाचलेला प्रत्येक शब्द मोलाचा. जागेची चणचण असलेल्या बिऱ्हाडात एखादी गृहिणी भिंतीतल्या कोनाड्याचाही उपयोग करून घेते, त्यातलाच हा प्रकार.

१९७१ ते १९७३ या काळात रिची यांनी बी भाषेतून सी भाषा घडवली, आणि ही चिन्हं सी भाषेत जशीच्या तशी आली. ती किती कामाची आहेत याचा एक दाखला देतो. हॉटेलात ताटांची चळत असते. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं. संगणकातही अशी चळत लागते. समजा, क हा आकडा नेहमी पहिली रिकामी जागा दाखवतो. नवं ताट ठेवायचं तर क च्या जागी ठेवायचं आणि मग पुढं सरकायचं: क++. ताट काढायचं तर आधी एक घर मागं यायचं आणि मग उचलायचं: --क. ठेवताना ‘नंतर वाढ’, काढताना ‘आधी घट’. दोन्ही रूपं का हवीत, ते एका चळतीत कळतं. सी भाषेत एका जागेची अक्षरं दुसऱ्या जागी उतरवण्याचा सगळा व्यवहार एका ओळीत लिहिता येतो तो याच चिन्हाच्या जोरावर. एक अक्षर उचल, तिकडं ठेव, दोन्ही बोटं एकेक घर पुढं सरकव. युनिक्सच्या पहिल्या पिढीतल्या माणसांना या आटोपशीरपणाचा अभिमान होता, आणि तो अनाठायी नव्हता.

अडचण सुरू झाली ती हौशी मंडळींनी एकाच पदावलीत एकाच कप्प्यावर दोन-तीनदा हे चिन्ह चालवायला सुरुवात केली तेव्हा. माझ्या प्रश्नातली पदावली पुन्हा घ्या. क मध्ये ५ आहे आणि आपल्याला तीनदा ++क ची बेरीज हवी आहे. पहिला कारकून सरळमार्गी आहे. तो डावीकडून चालत जातो. वाढ नोंदवली, ६ झाले, ६ लिहून घेतले. पुन्हा वाढ, ७ लिहून घेतले. पुन्हा वाढ, ८ लिहून घेतले. बेरीज २१. दुसरा कारकून म्हणतो, आधी तिन्ही वाढी सेवापुस्तकात चढवून टाकू. क झाला ८. मग तीनदा पुस्तक उघडून बघतो, तिन्ही वेळा ८ दिसतात. बेरीज २४. तिसरा पहिल्या दोन पदांची बेरीज आधी करायला घेतो. दोन वाढी चढवतो, पुस्तकात दोनदा ७ दिसतात, त्यांचे झाले १४. मग तिसरी वाढ चढवतो, ८ मिळवतो. बेरीज २२.

आमच्या प्रयोगशाळेतला अनुवादक, म्हणजे कंपायलर, दुसऱ्या कारकुनासारखा वागत होता आणि मामांच्या ऑफिसातला तिसऱ्यासारखा. यात कुणीही कंचेभागुबेव मोडलेलं नाही, हे नीट पाहा. ++ चा मान बेरजेच्या आधीचा, हे तिघांनीही पाळलं. तरीही उत्तरं तीन.

याचं कारण असं, की कंचेभागुबेव आपल्याला कोण कुणाला बांधलेलं आहे ते सांगतं, घड्याळ लावून कोणतं काम केव्हा करायचं ते सांगत नाही. (२ + ३) × (४ + ५) ही साधी पदावली घ्या. आधी कंस सोडवायचे हे ठीक, पण दोन कंसांतला आधी कोणता? नियम काहीच सांगत नाही. आपण सवयीनं डावा आधी घेतो. उजवा आधी घेतला तरी ४५ च येतात, म्हणून हा प्रश्न आपल्याला शाळेत कधी पडलाच नाही. बघितल्यानं २ चे ३ होत नाहीत. ++ मात्र बघता बघता आकडा बदलतं. त्यामुळं आधी कुणी पाहिलं आणि नंतर कुणी पाहिलं, याला एकदम महत्त्व आलं. अंकगणितात काळ शिरला तो या वाटेनं.

भाषेच्या कर्त्यांना हे ठाऊक नव्हतं का? चांगलंच ठाऊक होतं. ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ साली निघालं. त्यातच वाचकाला सावध केलेलं आहे, की पदावलीचे भाग कोणत्या क्रमानं सोडवले जातील हे भाषा ठरवत नाही आणि त्या क्रमावर विसंबून लिहिणं वाईट. एका यादीतल्या क व्या जागी क++ ठेवायचं म्हटलं तर ती जागा जुन्या क ची की नव्या, हा पेच त्यांनी स्वतःच मांडला आहे. पुढं १९८३ साली अमेरिकेत सी भाषेचं प्रमाणीकरण करण्यासाठी समिती बसली आणि १९८९ साली प्रमाण ठरलं. तोवर सी भाषा नाना प्रकारच्या यंत्रांवर पोचली होती. कुठल्या यंत्राला डावीकडून सोयीचं, कुठल्याला उजवीकडून. अनेक कंपायलर तर फंक्शनला द्यायच्या किमती शेवटच्यापासून पहिल्याकडं चळतीवर रचत. त्यामुळं तीन किमती छापायला सांगितल्या की हिशोब उजवीकडून सुरू झालेला दिसे. आपल्याकडच्या कित्येक विद्यार्थ्यांनी ‘छापताना उजवीकडून सोडवायचं’ हा नियम म्हणून पाठ केला. तो भाषेचा नियम कधीच नव्हता. ती त्या कंपायलरची सवय होती.

समितीनं कुठल्याही एका सवयीला कायदा केलं नाही. एकच क्रम लादला असता तर काही यंत्रांवर प्रोग्रॅम उगाच मंदावले असते. त्याऐवजी तिनं विसाव्याचे टप्पे नेमून दिले. अर्धविरामाशी पूर्ण होणारं विधान हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा टप्पा. एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंत कुठल्याही कप्प्याची किंमत फार तर एकदाच बदलावी, असा दंडक घातला. तो मोडला तर काय होईल? प्रमाणग्रंथाचं उत्तर आहे: वर्तन अनिर्धारित. म्हणजे २१ येवोत, २२ येवोत, २४ येवोत किंवा आणखी काही भलतंच घडो, कंपायलरला कुणी दोष द्यायचा नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती घडी घातलेली उत्तरपत्रिका आली. ‘या प्रश्नाला निश्चित उत्तर नाही.’ अख्ख्या वर्गात बरोबर उत्तर एकाच मुलीनं लिहिलं होतं, आणि शून्य गुणही तिलाच मिळाले होते. प्रमाण ठरून तेव्हा सात वर्षं उलटली होती. मी एका यंत्राची खोड भाषेचा नियम म्हणून शिकवत होतो आणि त्यावर गुण वाटत होतो.

पुढच्या काळात या चिन्हांचं काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी सी भाषेला नवी अंगं जोडली आणि १९८३ साली त्यांचे सहकारी रिक मॅसिटी यांनी त्या भाषेला नाव सुचवलं: सी प्लस प्लस. सी मध्ये एकाची वाढ! त्यावर जाणकार थट्टेनं म्हणत, की चिन्ह नंतर लावलंय, म्हणजे वाढ झाली खरी पण हातात पडते ती जुनीच सी.

१९९५ साली सन कंपनीनं जावा भाषा जगासमोर आणली. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही यंत्रावर सारखाच चालला पाहिजे, ही तिची प्रतिज्ञा. तिथं ‘यंत्राच्या सोयीनं’ हे उत्तर चालणारच नव्हतं. म्हणून जावानं ठरवून टाकलं: डावीकडून उजवीकडं, सगळीकडं. आपली पदावली जावात नेहमी २१ च देते. पहिल्या सरळमार्गी कारकुनाचा तिथं विजय झाला. तरीही गंमत उरतेच. जावात ‘क = क++’ लिहिलं तर क चे ५ चे ५ च राहतात. जुना आकडा हातात घेतला, वाढ नोंदवली, आणि हातातला जुना आकडा पुन्हा त्याच कप्प्यात कोंबला. पगारवाढ झाली आणि त्याच क्षणी परत गेली. नियम स्पष्ट असला म्हणजे लिहिणं शहाणपणाचं होतंच असं नाही.

सी प्लस प्लसनं २०१७ च्या प्रमाणात थोडी आवराआवर केली. ‘क = क++’ ला तिथं आता निश्चित अर्थ आहे. पण ++क + ++क या साध्या बेरजेला तिथं आजही निश्चित उत्तर नाही, आणि सी भाषेतही नाही.

काहींनी या चिन्हांना दारातच अडवलं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेत ती नाहीतच. तिथं ++क लिहिलं तर त्याचा अर्थ ‘धन धन क’ असा होतो आणि क जागचा हलत नाही. ॲपल कंपनीच्या स्विफ्ट भाषेनं २०१४ साली ती घेतली होती, पण भाषेचे कर्ते ख्रिस लॅटनर यांनीच ती काढण्याचा प्रस्ताव मांडला आणि २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती गेली. मोटारीतल्या संगणकांसाठी ब्रिटनमध्ये ‘मिस्रा’ नावाची नियमावली तयार झाली. तिच्या २००४ च्या आवृत्तीत सल्ला आहे, की ++ आणि -- यांची एकाच पदावलीत इतर चिन्हांशी भेसळ करू नये. ब्रेक दाबल्यावर काय होणार, हे कंपायलरच्या सवयीवर सोडून कसं चालेल?

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती ‘गो’ भाषेची गोष्ट. गूगलमध्ये २००७ साली तिची आखणी सुरू झाली आणि २००९ साली ती जाहीर झाली. आखणी करणारे तिघं होते, रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन. होय, तेच थॉम्प्सन, चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी ही चिन्हं जन्माला घातली. गो भाषेत ++ आहे, पण त्याचे पंख छाटलेले आहेत. ते फक्त नावानंतर लावता येतं, आणि ते स्वतंत्र विधान असतं. ‘क++’ एका ओळीवर एकटं लिहायचं. त्याचं उत्तर कुणाला देता येत नाही, त्याची बेरीज करता येत नाही, ते कुठल्या पदावलीत बसतच नाही. म्हणजे दोन कामांपैकी आकडा सांगण्याचं काम काढून घेतलं, बदलण्याचं तेवढं ठेवलं. त्यामुळं क्रमाचा वादच मिटला. स्मृती १८ किलोबाइटची असताना एकेक शब्द वाचवायला म्हणून जे केलं, त्याची चाळीस वर्षांनी गरज उरली नव्हती. आता वाचवायचा होता तो वाचणाऱ्याचा गोंधळ.

माझ्या विद्यार्थ्यांना मी पुढं एवढंच सांगू लागलो, की वाढ एका ओळीत लिहा आणि बेरीज दुसऱ्या. तीन ओळी लागल्या तर लागू देत. कागद महाग नाही आणि स्मृती तर त्याहून नाही. तोच प्रश्न मी निवृत्त होईपर्यंत जवळजवळ दरवर्षी घातला. गुण चारच ठेवले. फरक एवढाच केला, की ‘उत्तर काय?’ याच्यापुढं ‘आणि ते का?’ असे तीन शब्द जोडले. २४ लिहिणाऱ्याला एक गुण मिळे, तोही कारण दिलं असेल तर. चार गुण मिळत ते ‘निश्चित उत्तर नाही’ असं म्हणून कारण सांगणाऱ्याला. पहिल्या वर्षी मुलांनी तक्रार केली, की असं कुठं उत्तर असतं का! मी म्हणालो, असतं, आणि ते मला एका विद्यार्थिनीनं शिकवलं.

तिला हे सांगायचं मात्र राहून गेलं. मला कळलं तोवर तिची बॅच बाहेर पडली होती. ती आज कुठं असेल ठाऊक नाही. हे भाषण तिच्या कानावर पडलं असेल किंवा हा लेख तिच्या हाती आला असेल, तर तिनं एवढंच समजावं, की त्या चाचणीत तिचे चार गुण तिच्या सरांकडं अजून बाकी आहेत.